बसायला जागा

पाळी सुटल्यावर माणूस बसतो कुठं?

खापरखेड्यात संध्याकाळी एक चक्कर मारा. पोट्टे पुलियाच्या कठड्यावर बसलेले दिसतील. म्हातारे पानठेल्याच्या बाकड्यावर, तेही ठेलेवाला ओळखीचा असला तर. बाया दारात, उंबरठ्यावर, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. मधून कोळशाचे ट्रक जातात आणि सगळ्यांच्या बोलण्यावर धूळ बसते. पलीकडं चिमण्या उभ्या. इथल्या वीज केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट. एवढी वीज आपल्या उशाशी तयार होते, पण दिव्याखाली चार माणसांनी मांडी घालून बोलत बसावं म्हणून कोणी मुद्दाम बांधलेली एक जागा आमच्या वस्तीत नाही.

हे मी एका आजीजवळ बोललो. ती हसली. म्हणाली, "आमच्या येळेस बसू का म्हणून इचारा लागत होतं रे बापू. आता इचारा नाई लागत. पन जागा कुठं हाये?"

मित्रांनो, आजीच्या या बोलण्यात आपला शंभर वर्षांचा इतिहास आहे. मी फक्त त्याला तारखा लावतो.

शहर कसं बांधावं म्हणजे माणसं सुखी होतील, एकमेकांशी बोलतील, यावर आता पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत. डेन्मार्कचा यान गेल १९७१ पासून लिहितो आहे की इमारतींपेक्षा दोन इमारतींच्या मधलं जगणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या विल्यम व्हाइटनं न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून माणसं कुठं बसतात, कुठं उभी राहतात ते मोजलं आणि १९८० मध्ये पुस्तक काढलं. बसायची सोय असली की माणसं बसतात, हा त्याचा शोध. हसू नका. शोध खरा आहे. नको ती माणसं येऊन बसू नयेत म्हणून मालक लोक कठड्यावर खिळे ठोकतात, हेही त्या माणसानं पाहिलं. तिथं मी थांबलो. कारण आपल्या देशात हे खिळे लोखंडाचे नव्हते. ते कोणाला दिसत नव्हते आणि आपल्याला टोचत होते.

नगररचनाकार विचारतो, पायरी किती रुंद असावी? झाड किती अंतरावर लावावं? ठीक आहे, विचारलंच पाहिजे. पण त्या पायरीवरून कोणाला उठवलं होतं हे त्याच्या नकाशात येत नाही. आपल्या लोकांचा सार्वजनिक जागेचा इतिहास तिथून सुरू होतो.

गावाचाच नकाशा घ्या. गाव काही आपोआप वसलं नाही, ते विचार करून मांडलं आहे. पार कुठं, चावडी कुठं, देवळाचा सभामंडप कुठं, कोणाचा पाणवठा वर आणि कोणाचा खाली. गप्पा मारायला, भजन करायला, नुसतं रिकामं बसायला जागा होत्याच. आजचे तज्ज्ञ ज्याला सामाजिक जीवन म्हणतात ते गावात भरपूर होतं. चावडीची झाडलोट महारानं करायची, सांगावा न्यायचा, सरकारी पाहुण्याचा घोडा धरायचा, आणि बैठक भरली की खाली लांब उभं राहायचं. गावाच्या प्रत्येक सार्वजनिक जागेवर आपण राबत होतो. बसत नव्हतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना झोडपलं ते उगाच नाही. ज्याला पारावर टेकता आलं नाही त्याला पाराची गोडी कुठून लागणार? पारावरच्या गप्पांच्या आठवणी लिहिणारे साहित्यिक मी वाचतो तेव्हा मला दर वेळी तो उभा माणूस आठवतो. त्या ललित लेखात तो नसतो.

फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. लक्षात घ्या, हौद घरचा होता. सार्वजनिक पाणवठा मोकळा करायची ताकद तेव्हा कोणात नव्हती, म्हणून त्या माणसानं आपली खाजगी जागा सार्वजनिक केली. (याच फुल्यांनी पुणे नगरपालिकेत मंडईच्या मोठ्या इमारतीवर पैसा उधळायला विरोध केला होता, शिक्षणाला द्या म्हणाले होते. पुढं त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. आपल्या माणसांचं असंच होतं.)

मग आला बोल्यांचा ठराव. ४ ऑगस्ट १९२३. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडला आणि पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले, सरकारनं नेमलेल्या मंडळांकडून चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. सार्वजनिक म्हणजे काय याची आपल्याकडची ही पहिली सरकारी व्याख्या म्हणायला हरकत नाही. पैसा सर्वांचा तर जागा सर्वांची. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला.

कागदावर तळं खुलं झालं. तीन वर्षं कोणी पाणी भरलं नाही.

हे नीट समजून घ्या, कारण कार्यकर्ता इथंच फसतो. ठराव झाला की आपण फटाके लावतो. त्या तळ्याची बांधणी बघा. चार-पाच एकरांचं तळं, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडं सवर्णांची घरं, थोडी मुसलमानांची. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या बऱ्याच ठिकाणी त्याच घरमालकांच्या. म्हणजे पाण्यापर्यंत जायचं तर शंभर खिडक्यांच्या डोळ्यांखालून जायचं. एकटा माणूस घागर घेऊन जाईल कसा? ठरावानं दार उघडलं, पण दारापर्यंतची वाट अजून त्यांचीच होती.

ती वाट २० मार्च १९२७ ला हजारो पायांनी तुडवली. आदल्या दिवशी परिषद भरली तेव्हा प्यायचं पाणी ४० रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. गाव पाण्यानं भरलेलं आणि आपण पाणी विकत घेतो आहोत. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या साथीदारांनी परिषद जमवली होती. बाबासाहेब पुढं गेले, ओंजळ भरली, मागून सगळे. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात महार घुसणार अशी आवई उठवून मंडपातल्या जेवत्या लोकांवर लाठ्या चालवल्या. तळ्यात शेणमुताच्या १०८ घागरी ओतून पाणी शुद्ध करून घेतलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला जुना ठराव मागं घेतला. तारीख बघा, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं समजू नका. अमेरिकेत अलाबामाच्या बर्मिंगहॅम शहराला कोर्टानं सांगितलं की बागा, खेळाची मैदानं काळ्या लोकांनाही खुली करा. शहराच्या कारभाऱ्यांनी काय करावं? १९६२ च्या सुरुवातीला बागाच बंद करून टाकल्या. तुम्ही येणार असाल तर आम्हालाही नको. गोऱ्या पोरांचे झोपाळेही कुलपात गेले. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते त्यांच्या लढ्याकडं बघूनच. नातं नुसतं नावाचं नव्हतं.

डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरवायची होती. सवर्णांपैकी कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला जळाली ती या जमिनीवर. सभेला जागा कोणी दिली हे आपल्या इतिहासात एका ओळीत येतं आणि जातं. मला वाटतं त्याच्यावर अख्खं पुस्तक व्हावं. चळवळीला विचार लागतो, माणसं लागतात, तशी मांडव टाकायला जमीन लागते.

सवर्ण कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, तळं आमचं, आणि अनादी काळापासून अस्पृश्यांनी इथलं पाणी घ्यायचं नाही अशी वहिवाट आहे. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, वहिवाट सिद्ध झाली नाही.

वहिवाट. हा शब्द मी उचलून ठेवला आहे. एखादी जागा कोणाची, हे सातबारा सांगतो ते अर्धं. तिथं रोज कोण येतं, कोण बसतं, कोणाचं बसणं लोकांच्या डोळ्यांना सवयीचं झालं, हे उरलेलं अर्धं. सवर्णांची वहिवाट आपल्याला उठवण्याची होती. आपल्याला बसण्याची वहिवाट पाडायची होती. घटनेच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या भागात दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांत जातीवरून कोणालाही अडवायचं नाही असं लिहिलं आहे. बोल्यांच्या ठरावातला सरकारी पैशाचा मुद्दा तिथं आहेच. पण करमणुकीच्या जागाही आहेत, हे वाचून मला फार बरं वाटलं. पोटापाण्याइतकाच माणसाला मजेचाही हक्क आहे, हे आपल्या घटनेत लिहिलेलं आहे.

आता आपल्या भागात येऊ. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. खेड्यातून आपली माणसं नागपूरला गिरण्यांत आली आणि वस्त्या उभ्या राहिल्या. चावडी मागं सुटली. वस्तीत नळ एक, माणसं पाचशे, पण बसायला कोणाला विचारायचं नव्हतं. वसंत मून यांचं 'वस्ती' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं. सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात ते वाढले. कुस्ती, खेळ, भजनं, समता सैनिक दलाची परेड, भांडणं, सभा, सगळं उघड्यावर. घरं एवढी लहान की जगणं गल्लीतच व्हायचं. कोणी नगररचनाकार तिथं आला नव्हता.

आपल्या शेजारून वाहणारी कन्हान पुढं कामठीकडं जाते. तिथं बाबू हरदास, जयभीम हा शब्द ज्यांनी आपल्या तोंडी दिला ते, १९२७ च्या सुमारास रात्रीच्या शाळा चालवत होते, संत चोखामेळा वाचनालय काढलं होतं. विडी वळणाऱ्या माणसाला दिवसभर मान खाली. रात्री कंदिलाखाली बसायला एक खोली. १९३७ ला ते आमदार झाले आणि १९३९ मध्ये, पस्तिशी गाठायच्या सुमारासच गेले. आज त्याच कामठीत १९९९ मध्ये झालेलं ड्रॅगन पॅलेस आहे, रविवारी आपल्या बाया-पोरं डबे बांधून तिथल्या हिरवळीवर जातात. मला दोन्ही जागा सारख्याच वाटतात. कोणी म्हणेल चळवळ कुठं आणि सहल कुठं. म्हणू द्या. आपली माय चार तास झाडाखाली पाय पसरून बसते, कोणी तिला ऊठ म्हणत नाही, हे महाडचंच फळ आहे.

नागपुरात १९४२ च्या जुलैमध्ये मोहन पार्कला अखिल भारतीय परिषद भरली. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन तिथं जन्मली. त्याच मंडपात २० जुलैला महिला परिषद झाली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या. गिरणी, विडी, नगरपालिका, रेल्वे यांतल्या कामगार बायांना भरपगारी रजा हवी, हा ठराव त्यांनी केला. बागेच्या चर्चेत रजेचा ठराव कशाला, असं विचाराल. अरे, बाक टाकून ठेवला आणि बाईला संध्याकाळी पाणी भरायचं असेल, चूल पेटवायची असेल, तर त्या बाकावर कोण बसणार? आपण पुरुषच. जागेच्या आधी वेळ लागतो. हे त्या बायांना १९४२ मध्ये कळलं होतं. तज्ज्ञांच्या पुस्तकात मला ते फार शोधूनही थोडंच सापडलं.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६. लसीकरण संस्थेजवळची मोकळी जमीन. वामनराव गोडबोले धावपळ करताहेत, नागपूरचे उपमहापौर सदानंद फुलझेले सोबत आहेत. लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी तिथं इमारत नव्हती, बाक नव्हते, बाग नव्हती. मोकळं मैदान आणि एक मंच. पुढच्या वर्षी लोक परत आले. त्याच्या पुढच्या वर्षीही. स्तूपाचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि उद्घाटन १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. मधली ४५ वर्षं मोजा. स्तूप नसताना लोक येत होते. शिदोरी बांधून, रेल्वेनं, बैलबंडीनं, पायी. तिथंच झोपायचे, तिथंच चूल, तिथंच कव्वाली आणि भीमगीतं, तिथंच पुस्तकांचे ढीग. अक्षर न येणारी म्हातारी नातवासाठी पुस्तक विकत घेते आणि पिशवीत भाकरीशेजारी ठेवते, असं दुसरं मैदान मला दाखवा. स्तूप सुंदर आहे, मी त्याच्याकडं तासभर बघत बसतो. पण ती जागा स्तूपानं झाली नाही. ती लोकांच्या राबत्यानं झाली, आणि मग तिच्यावर स्तूप उभा राहिला. नाहीतर आधी घुमट बांधून माणसांची वाट बघणाऱ्या जागा या शहरात काय थोड्या आहेत?

म्हणून १ जुलै २०२४ चा प्रकार समजून घ्यावा लागतो. दीक्षाभूमीवर विकासाच्या कामात भूमिगत पार्किंग खोदलं जात होतं. मैदान जाईल, स्तूपाला धोका होईल या भीतीनं लोक चालून गेले. तोडफोड झाली, जाळपोळ झाली. सरकारनं त्याच दिवशी कामाला स्थगिती दिली. पेपरवाले म्हणाले, जमाव भडकला. मला जाळपोळीचं कौतुक करायचं नाही. पण ज्याला विकासक रिकामी जमीन म्हणतो ती आपल्या लोकांच्या लेखी भरलेली असते, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं. वर्षाचे ३६० दिवस ते मैदान रिकामं दिसतं. ते रिकामं असणं हाच त्याचा उपयोग आहे. गाड्या ठेवायला जागा हवी हे मान्य. आपलेही लोक आता गाड्यांनी येतात. पण विचारायचं कोणाला? जे झोपतात त्या मातीवर, त्यांना.

अंबाझरीला तर उशीर झाला. तिथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडलं गेलं. पुढं २०२३ मध्ये आपल्या बाया तिथं धरणं देऊन बसल्या, दिवसांमागून दिवस, उन्हात, पावसात. बसायची जागा गेली म्हणून त्यांनी रस्त्याकडेला बसून दाखवलं. पण मला एक कडू प्रश्न विचारायचा आहे, रागावू नका. पडायच्या आधी त्या भवनात आपण किती वेळा गेलो होतो? किती सभा घेतल्या, किती वाचनं? जी जागा आपण वापरत नाही तिच्यावर डोळा ठेवणाऱ्याला काम सोपं जातं. वहिवाट दोन्ही बाजूंनी तुटते. ते तोडतात, आणि आपण सोडतो.

आता घरचं सांगतो. आपल्या वस्तीतले विहार. मी बरेच पाहिले आहेत. फरशी गुळगुळीत, मूर्ती सुंदर, वर पंचशील ध्वज, आणि दाराला कुलूप. किल्ली अध्यक्षाकडे, अध्यक्ष ड्युटीवर. पौर्णिमेला उघडतं, जयंतीला उघडतं. एका गावात तर ओट्यावर पोरं बसू नयेत म्हणून कमिटीनं जाळी ठोकली. व्हाइटचे खिळे मला तिथं दिसले, आणि ठोकणारे आपलेच होते. मी विचारलं तर म्हणाले, पोट्टे पत्ते खेळतात, घाण करतात. खरं असेल. मग पोट्ट्यांना झाडू द्या, वर्तमानपत्र द्या, दिवा द्या. चळवळीतला पोरगा काही आकाशातून पडत नाही, तो आधी ओट्यावर रिकामा बसलेला असतो.

एकदा एका मोठ्या गावातल्या बागेत मी कामाच्या कपड्यात बसलो होतो. रखवालदार आला, म्हणाला, तिकडं मागच्या बाजूला बसा, इथं फॅमिली येते. जात विचारली नाही. कपड्यावरचा डाग पुरला. मी उठलो, हे सांगायला मला लाज वाटते. कलम १५ मला पाठ होतं आणि तरी मी उठलो. तेव्हापासून नव्या बागेत गेलो की आधी फाटक बघतो, तिकीट बघतो, पाण्याचा नळ आहे का बघतो, बायांसाठी संडास आहे का बघतो. यातलं काय नाही त्यावरून ती जागा कोणासाठी केली आहे ते कळतं. झाडंफुलं मी शेवटी बघतो.

आमच्या वस्तीत आम्ही गेल्या महिन्यात एक केलं. विहाराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, कडुनिंबाच्या सावलीत, तीन जुन्या फरश्या विटांवर ठेवल्या. वर एक बल्ब, वायर विहारातूनच. कमिटीत यावरून दोन बैठका भांडण झालं. वीजबिल कोण भरणार यावर तर मारामारीच व्हायची राहिली. शेवटी महिन्याला घरामागं पाच रुपये ठरले.

पहिल्या संध्याकाळी तिन्ही फरश्यांवर पोट्टेच येऊन बसले, मोबाइल घेऊन. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आजी सोले निवडायची टोपली घेऊन आली, सोबत शेजारच्या दोघी. थोडा वेळ उभी राहिली. मग एका पोट्ट्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "सरक बे, आमाले बसू दे."

तो सरकला.